नळीवरच्या बांगड्या

डोंबिवलीहून कल्याणला जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. गेली सव्वीस वर्षं मीही म्हणत नव्हतो. पण मांडीवरच्या पिशवीत जुन्या पायमोज्यात गुंडाळलेली दगडाची पाती असतील, एक भिंग असेल, चिठ्ठ्या लावलेल्या रिकाम्या पिशव्या असतील आणि पोळ्यांच्या डब्यात एका हाडाचा साचा असेल, तर रिक्षात बसल्या बसल्याच माणूस आपोआप प्रवासी होतो. मी आणि माझी मुलगी सई असे चार दिवस हिंडलो. तुमच्यावर अशी वेळ येईल असं वाटत नाही, म्हणूनच लिहून ठेवतो.

सई पुरातत्त्वात पीएच.डी. करते. नातेवाइकांना मी मोघम "इतिहास" सांगतो, कारण "जुन्या हाडांवरच्या सुरीच्या खुणा" म्हटलं की समोरचा पाहुणा पोह्यांची बशी खाली ठेवतो. विषय मात्र सरळ आहे. जनावर कापताना हत्यार मांसातून हाडापर्यंत पोचतं आणि ओरखडा उठतो. मांस संपतं, सुरी गंजून जाते, कापणाराही जातो, पण ओरखडा राहतो. दगडाच्या पात्याचा ओरखडा रुंद, आत बारीक बारीक रेघा असलेला. धातूच्या सुरीचा अरुंद आणि स्वच्छ. सत्तूर मारला असेल तर खाचच. अशा खुणा वाचून कापायच्या हत्यारांचा इतिहास लिहायचा, असं तिचं काम.

अडलं होतं एका नळीपाशी. गोदावरीकाठच्या एका जुन्या उत्खननातली ही शेळीच्या पायाची नळी, लोखंड इकडे यायच्या आधीची. तिच्याभोवती बारीक खुणा होत्या, गोल फिरलेल्या, हातात बांगड्या भराव्यात तशा. आणि नळी अख्खी होती. त्या काळचे लोक आतल्या गरासाठी नळी फोडायचे, मग ही न फोडता का ठेवली? सईच्या गाइडबाईंचं म्हणणं, हे कापण्याचं कामच नव्हे. कोणी कारागीर हाडाचे मणी पाडायला बसला असेल, त्यानं आखणी केली आणि सोडून दिलं. म्हणजे ही नळी प्रबंधातून बाहेर, आणि तिच्यावर उभं केलेलं अख्खं प्रकरणही बाहेर. सईला वाटत होतं की हे मांस काढतानाच झालंय. बाई म्हणाल्या होत्या, "वाटण्याला पुरावा लागतो. आजच्या माणसाकडून, माहितीच्या हत्यारानं कापून घे आणि शुक्रवारी ठाण्याला घेऊन ये. नाही जमलं तर ते प्रकरण मी काढणार."

त्या दिवशी सोमवार होता. सई दोन वर्षं त्या नळीत गुंतलेली. जेवताना ती ताटावरून अर्ध्यातच उठली, आणि मी आवेशात म्हणालो, "चल, मी येतो."

मटण खायला मी पुढे असतो. मटणाच्या दुकानात मात्र आजवर पाठ करून उभा राहत आलोय.

मंगळवार, कल्याण

मंगळवारी बरीच घरं मटण आणत नाहीत, त्यामुळे खाटकाला बोलायला सवड असते. बाजारामागच्या गल्लीत सलीमभाईंचं दुकान आहे. पुढ्यात चिंचेचा ओंडका, मध्यभागी इतका झिजलेला की त्यात ताक मावावं. खाडीवरून वारा येत होता आणि दुकानात अपेक्षेपेक्षा फारच कमी वास होता. मी उगाच खिशात कापूर घेऊन गेलेलो.

सईनं काय हवं ते सांगितलं. एक नळी सत्तुरानं, एक सुरीनं, एक तिच्या दगडाच्या पात्यानं. प्रत्येक वेळी मांस काढायचं आणि हाड परत द्यायचं.

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, पोस्टमार्टेम आहे का?"

"अभ्यास आहे," मी म्हणालो.

"तुमचा?"

"हिचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. का ठीक, ते मी विचारलं नाही.

सत्तुराचं काम दोन घावांत संपलं. सुरी पाण्यासारखी चालली. मग सईनं पायमोज्यातून दगडाचं पातं काढलं. बोटभर लांब, लालसर, कडेला काचेसारखं पातळ. तिनं ते स्वतः दगडावर दगड मारून पाडलं होतं. मला उगाच शहाणपणा सुचला.

"अगं, दगडानं काय मटण कापणार," असं म्हणून मी धार बघायला अंगठा फिरवला.

दुखलं नाही. म्हणूनच मी खाली बघितलं नाही. सलीमभाईंनी बघितलं.

"साहेब! हात वर करा, वर!"

"बाबा, रक्त नळीवर पाडू नकोस," सई म्हणाली.

पोटच्या पोरीचे हे शब्द. सलीमभाईंनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि म्हणाले, "पंचवीस वर्षं धंदा करतो, एवढं कधी लागलं नाही. तुम्ही तिकडे स्टुलावर बसा आणि काही शिकू नका." मी तसा बसलो. समोरच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना डॉक्टरांनी विचारलं, "कशानं कापलं?" मी "दगडानं" म्हणालो. त्यांनी कागदावर "पडले" असं लिहिलं.

बुधवार, आमचं स्वयंपाकघर

प्रवासवर्णनात स्वतःच्या स्वयंपाकघराचा मुक्काम नसतो, पण खरा अपघात तिथेच झाला.

नळ्या स्वच्छ करायच्या म्हणजे मंद उकळायच्या, मग मऊ ब्रशनं, तोही लहान मुलांच्या दात घासायच्या ब्रशनं, हलकेच पुसायच्या. मंगळवारी संध्याकाळी सईनं त्या उकळून ठेवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या घरात कांदाही लपूनछपून येतो, जिन्यात मला म्हणाल्या, "आज काहीतरी विशेष दिसतंय." मी अंगठा दाखवला. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी "काळजी घ्या" म्हटलं.

बुधवारी सकाळी सई उठून ओट्याशी गेली. तिन्ही नळ्या ताटात ओळीनं मांडलेल्या होत्या, हस्तिदंतासारख्या पांढऱ्या, चकचकीत.

"आई," ती सावकाश म्हणाली, "या कशानं घासल्यास?"

माझी बायको वृंदा चहा गाळत होती. "तारेच्या घासणीनं. अगं केवढ्या चिकट होत्या! तू दमून झोपलेलीस, म्हटलं पोरीचं काम हलकं करावं. बघ, तळ लागलेला कुकरही इतका स्वच्छ निघणार नाही, असा हात फिरवलाय."

सईनं भिंग लावलं. मीही पाहिलं. नळीच्या अंगावर शेकडो बारीक रेघा, आडव्या, तिरप्या, एकमेकींवरून गेलेल्या. सलीमभाईंची सुरी कुठली, दगड कुठला आणि आमच्या घरची घासणी कुठली, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"आई, मला याच रेघा वाचायच्या होत्या."

वृंदाचा हात थांबला. मग आवाज चढला, कारण आमच्याकडे चूक कळली की आधी आवाज चढतो. "मग चिठ्ठी लिहून ठेवायची! मला काय माहीत हाडावर अक्षरं असतात ते? आणि घासणीनं नाही घासायचं तर काय ओवाळायचं त्यांना?"

कोणी हसलं नाही. सई गॅलरीत जाऊन उभी राहिली. हातात दोन दिवस राहिले होते. मी तिच्यामागून गेलो. तिला धीर द्यायला चार वाक्यं तयार केली होती, ती तिनं वळूनच बंद केली.

"उद्या गुरुवार. दुकान रिकामं असेल. बाबा, सकाळी आठला निघू."

एवढं बोलून ती आत गेली आणि त्या तीन नळ्यांवर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. "तारेची घासणी. कापण्याच्या खुणांशी गल्लत होऊ शकते." वृंदानं ते वाचलं आणि म्हणाली, "माझं नाव घाल हवं तर." मग तिनं घासणी कचऱ्यात टाकली. दुपारी नवी आणली.

गुरुवार, पुन्हा कल्याण, मग ठाकुर्ली

सलीमभाईंना हकीकत सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना ओंडक्याला धरावं लागलं. "भाभींना माझ्याकडे कामाला पाठवा. दुकान चमकेल."

हसता हसता ते एका गिऱ्हाइकाचं काम उरकत होते. त्याला बिनहाडाचं मटण हवं होतं. सलीमभाई पाटावर बसले, सुरीची मूठ पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरली, धार वर केली आणि मांसाचा तुकडा दोन्ही हातांनी तिच्यावर ओढू लागले. मी आयुष्यात शंभर वेळा हे पाहिलं असेल. पाठ केलेली असली तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच.

सई मात्र स्टुलावरून उठली. "सलीमभाई, थांबा. सुरी हलत नाहीये."

"हो. सुरी कशाला हलवायची? दोन्ही हात मोकळे राहतात."

"मटण हलतंय."

"ताई, मटणच हलणार ना!"

ती माझ्याकडे वळली. "बाबा, आम्ही सगळे धरून चालतो की हाड ओंडक्यावर पडलेलं आणि हत्यार त्याच्यावर फिरतंय. तसं कापलं तर खुणा वरच्या बाजूला येतात, खालची बाजू कोरी राहते. पण हत्यार जागेवर असेल आणि हाड हातात फिरत असेल तर?"

मी हवेत काल्पनिक नळी फिरवून पाहिली. बांगडी.

"पण नळी अशी फिरवून कोण काढतं?" तिनं सलीमभाईंना विचारलं. "तुम्ही?"

"मी नाही. मी तोडून देतो, लोकांना तुकडेच लागतात." ते सुरी पुसता पुसता थांबले. "ठाकुर्लीची एक मावशी आहे, यमुनामावशी. गावठाणातली. ती मला नळीला हात लावू देत नाही. पाय अख्खा नेते आणि घरी विळीवर काढते. म्हणते, तुझ्या सत्तूरनं हाडाचा चुरा होतो."

सई पिशवी भरायला लागलीसुद्धा. सलीमभाईंनी एक नळी सुरीनं ओंडक्यावर काढून दिली, ओळख सांगायला म्हणून मावशींना फोन लावला, आणि दोन अख्खे पाय बांधून देताना मला बजावलं, "साहेब, तिकडे विळी आहे. लांब बसा."

ठाकुर्लीला टॉवरांच्या मधून एक गल्ली आत जाते आणि दहा पावलांत वीस मजल्यांचं गाव संपून कौलारू गाव लागतं. ओट्यावर वाल वाळत घातलेले, एक विहीर, तिच्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर कोणाचा तरी रेनकोट. यमुनामावशी सत्तरीच्या पुढच्या, काष्टा नेसलेल्या, दारातच उभ्या होत्या.

"ये गो बाय. सलीम बोलला, हाडं शिकाला कोन येतंय." मग माझ्याकडे पाहून, "आनि ह्यो कोन?"

"माझे बाबा."

"त्याच्या अंगठ्याला काय झालं?"

"दगड लागला," सई म्हणाली. मावशींनी डॉक्टरांसारखंच "पडला" असं गृहीत धरलं.

आमच्या कोकणातल्या घरी मासे विळीवर कापतात, पण मटण कधी घरी कापलेलं मी पाहिलं नव्हतं. मावशींची विळी आमच्या विळीपेक्षा दुप्पट उंच, पातं काळं आणि धार मात्र चांदीची. उजवा पाय पाटावर टाकून त्या बसल्या, शेळीचा पाय दोन्ही हातांत धरला आणि पात्याला लावून फिरवायला लागल्या. मांस सालीसारखं सुटत होतं. मध्येच त्या पाय उलटा करायच्या, पुन्हा फिरवायच्या. बोलणं चालूच.

"नली अशी अख्खी ठेवाची. बालंतिनीला, नायतं आजाऱ्याला पानी करून द्याचं. फोडली का आतला गर भांड्यात सांडतं, आनि हाडाची किरच गेली कोनाच्या घशात तं? माझी सासू बोलायची, नलीला लागलेलं मटान ह्यो तुझ्या आलसाचा पुरावा."

सई लिहीत होती. "मावशी, तुमच्या सासूबाईंनाही असंच करताना पाहिलंत?"

"तिनंच शिकवलं. पैल्या येलेला मी नली तोडली व्हती, तवा तिनं मला दोन दिवस विलीला हात लावू दिला नाय."

नळी निघाली. सईनं ओल्या फडक्यानं पुसून भिंग धरलं, आणि मग ते माझ्या हातात दिलं. बारीक खुणा होत्या. त्या फिरत होत्या.

"पण हे लोखंड आहे," सई म्हणाली. "माझ्या नळीच्या वेळी लोखंड नव्हतं." तिनं पिशवीतून एक लाकडी फळी काढली. तिच्या खाचेत लाखेनं दगडाची तीन पाती ओळीनं बसवलेली; आता तिनं ती धार वर करून धरली. हातात धरून सुरीसारखी चालवायला म्हणून बुधवारी रात्रीचं जेवण होईपर्यंत ती तेच करत बसलेली, आणि मला वाटलं होतं की रुसलीय.

मावशींनी फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही विली?"

"तशीच समजा."

"हिला खोबरं खवायचं कुठाय?" असं म्हणून त्यांनी फळी पायाखाली दाबली आणि शेळीचा दुसरा पाय तिला लावला. पहिल्यांदा अडलं. त्यांनी हात जरा आडवा घेतला, मग चाललं. "बरी हाय गो. माझ्या नव्या सुनेपेक्षा धार हाय हिला."

आतून सून ओरडली, "ऐकतेय हां मी!"

जेवायला बसवलं. मी म्हटलं, माझा गुरुवार असतो. "पाव्हना उपाशी जाईल त्यो गुरवार कसला?" मावशी म्हणाल्या, पण आग्रह न करता त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. शेजारी सई तेच विळीवरचं मटण खात होती. आमच्या घरी देवाचा वार म्हणजे सगळ्यांचा वार. इथे ज्याचा त्यानं पाळावा आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये. मी बघत होतो.

शुक्रवार, ठाणे

रात्री नळ्या उकळून, ब्रशनं पुसून झाल्या तेव्हा वृंदा दाराशी पहारा देत बसली होती, स्वतःवरच. सकाळी आम्ही बसनं ठाण्याला गेलो. तिन्ही नळ्या कापसात, मांडीवर. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

गाइडबाई साठीच्या आसपास, कडक इस्त्रीच्या. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, म्हणून मी उभा. सईनं मावशींची हकीकत सांगितली आणि पहिली नळी सूक्ष्मदर्शकाखाली गेली.

"सुरी, ओंडका. खुणा एकाच अंगाला. बरोबर." मग मावशींच्या विळीवरची दुसरी गेली. ती त्यांनी दोनदा फिरवून पाहिली. मग दगडाच्या फळीवरची तिसरी गेली. मग त्यांनी जुन्या नळीचा साचा ठेवला, परत तिसरी ठेवली, परत साचा.

"मणी पाडणारा कारागीर त्याच त्याच खाचेतून फिरतो," सई म्हणाली. "खाच खोल होते आणि टोकं जुळतात. इथे टोकं जुळत नाहीत. मावशींच्याही जुळत नाहीत. हाड फिरवलं की दर वेळी थोडं सरकतं."

"म्हणजे तेव्हा विळी होती?"

मला हो म्हणायचं होतं. माझं तोंड उघडलंही होतं.

"नाही," सई म्हणाली. "विळी होती असं मी लिहिणार नाही. हाड फिरवलं, हत्यार स्थिर होतं, एवढंच शक्य आहे. आणि नळी अख्खी ठेवायला कारण असू शकतं."

बाई पहिल्यांदा हसल्या, पण थोडंसंच. "हे नीट बोललीस. पण एक अडचण आहे. दोन्ही नळ्या एकाच बाईंनी काढल्यात, पन्नास वर्षांचा सराव असलेल्या. या खुणा फिरवण्यामुळे आहेत की या बाईंच्या हाताच्या सवयीमुळे, कसं सांगशील? ज्याला काहीही येत नाही असा हात हवा. त्याच्याही खुणा फिरल्या तर मी प्रकरण ठेवते. नाही फिरल्या तर काढते. पंधरा दिवस देते."

"असा हात..." सई म्हणाली.

खोलीत आम्ही तिघंच होतो. बाईंना खुणा कशा उठतात ते माहीत होतं. सईला बघून बघून यायला लागलं होतं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी तेव्हा मला बसा म्हटलं.

पुढचा मंगळवार, ठाकुर्ली

मी विळीवर बसलो. गुडघा वाजला. मावशींनी माझा पाय त्यांच्या हातानं पाटावर नीट ठेवला, अंगठ्याला त्यांच्या नातवाची क्रिकेटची पट्टी गुंडाळली आणि स्वतः समोर बसल्या. सईचा नियम असा की कोणी काही शिकवायचं नाही, फक्त दोन्ही हातांनी धर आणि मांस काढ, एवढंच.

तिनं विळी बाजूला सारून आधी दगडाची फळी माझ्या पायाखाली दिली. मला मांस घसरतंय की मी, ते कळत नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा थांबून उठतो म्हणालो. सईचं वहीवरचं पेन फक्त थांबायचं, आणि ते मला दिसायचं. मग मी परत धरायचो. घामानं चष्मा खाली येत होता. मावशी तोंडावर पदर धरून होत्या. त्यांना शिकवायला मनाई होती, हसायला नव्हती.

पाऊण तासानं मी नळी खाली ठेवली. मावशींनी ती उचलून पाहिली.

"यावर एवढं मटान कोनासाठी ठेवलंस रं?"

उरलेलं उकळून सुटेपर्यंत आम्ही चुलीपुढे बसलो. मग सईनं ब्रश फिरवला, हलके हलके, एका बाजूनं, मग दुसऱ्या. दाराशी उजेडात जाऊन तिनं भिंग लावलं. खुणा वेड्यावाकड्या होत्या, कुठे खोल, कुठे नुसत्या घसरलेल्या, एका ठिकाणी मी हाडाशी भांडलेलो साफ दिसत होतं. तिनं नळी बोटांत हळूहळू फिरवली. एक वेढा. परत.

"बाबा, फिरतायत."

"जुळतायत टोकं?"

"एकही जुळत नाही."

मी उठायला जमिनीला हात टेकला. सईनं चिठ्ठीवर "नवशिका, पुरुष, वय चोपन्न" असं लिहिलं, नळी पिशवीत घातली आणि शेळीचा दुसरा पाय माझ्यापुढे ठेवला.

"एका नळीवर बाई ऐकायच्या नाहीत. आता पुढची."

मी गुडघा परत पाटावर टेकवला.